हरलेल्या सामन्याची बातमी

सर,

तुम्ही माझ्या बातमीतला जो पहिला शब्द खोडलात, तो मला फार आवडलेला होता. ‘विकला’. मुलींचा कबड्डीचा सामना विकला, असं मी मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं आणि तुमच्या टेबलासमोर उभी राहून शाबासकीची वाट बघत होते. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी पंचविशीच्या आतली, घरचं कापडाचं दुकान, आणि वर्तमानपत्रात नोकरी धरणारी आमच्या घरातलीच नव्हे तर गल्लीतली पहिली मुलगी. तुम्ही पेन्सिलनं खोडायचात, तेही हलक्या हातानं, म्हणजे खालचा शब्द वाचता यायचा. त्यामुळे त्या शब्दाकडे बघत तुमच्याशी भांडता यायचं, आणि मी भांडले. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलंत, “कोनं विकला?” मी म्हटलं, मंडळाच्या सचिवानं. “कोनाले?” आणि लगेच, “तुले दिसला विकताना?” मी म्हटलं, “सर, मले त्या पोरी मुद्दाम हारताना दिसल्या.” तुम्ही कागद माझ्याकडे सरकवलात. “मंग तेच लिही ना बेटा. जे दिसलं ते लिहाले तुले कोनी रोकलं?”

दिसलं होतं ते असं. वर्ध्यातल्या मैदानावर मोठी निमंत्रितांची स्पर्धा होती आणि आपल्या भागातल्या एका क्रीडा मंडळाचा मुलींचा संघ उपांत्य सामन्यात पहिल्या डावात चांगला पुढे होता. मध्यंतरात मंडळाचे सचिव मंडपातल्या खुर्चीवरून उठले, मुलींच्या घोळक्यात जाऊन काहीतरी बोलले आणि परत येऊन बसले. त्यानंतर त्या संघाची कप्तान, रोहणा गावची मुलगी, जिला त्या स्पर्धेत कोणी धरू शकलं नव्हतं, ती चढाईला जाते. समोरची जी रेषा ओलांडावीच लागते तिच्या अलीकडे उभी राहून कबड्डी कबड्डी म्हणते, आणि वळून परत येते. बाद. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. पकड करताना समोरच्या मुलीचा घोटा तिच्या दोन्ही हातांत होता, आणि तिनं तो सोडून दिला. लोक आधी हसले, मग शिव्या द्यायला लागले, त्याही मुलींनाच. सामना संपल्यावर मी मैदानामागच्या पाण्याच्या टाकीशी गेले. ती पायाची माती धूत होती. वर न बघता म्हणाली, “सचिव सरनं सांगतलं होतं, हारा म्हने. नाई तं पुढच्या दौऱ्याले एकीचंबी नाव येनार नाई.” समोरच्या संघाच्या अध्यक्षांचा पाठिंबा सचिवांना वरच्या एका समितीवर जाण्यासाठी हवा होता, हे खेळाच्या वर्तुळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळेच ते एकमेकांच्या कानात सांगत होते.

तुम्ही दुसऱ्या दिवशीच्या अंकात फक्त सामना छापलात. मध्यंतरापर्यंतचे गुण, सचिव उठून मुलींकडे गेले, त्यानंतर कप्तानानं काय केलं, हातात आलेला घोटा कसा सुटला. एक विशेषण नाही. मला ती बातमी पाणी घातलेल्या वरणासारखी वाटली. पण सकाळी ऑफिसला येताना चौकातल्या पानठेल्यावर दोन माणसं तीच बातमी वाचत होती आणि एक दुसऱ्याला म्हणाला, “समजलं का तुले, काय झालं ते?” दुसऱ्याला समजलं होतं. त्याच दिवशी मोठ्या शहरातल्या मोठ्या पेपरनं लिहिलं होतं, एका संघाच्या कामगिरीविषयी क्रीडावर्तुळात उलटसुलट चर्चा आहे. तुम्ही ते मला मोठ्यानं वाचून दाखवलंत आणि म्हणालात, “याच्यावर कोनी केस करू शकत नाई. आन् याच्यातून कोनाले काई समजूबी शकत नाई.”

त्या दुपारी तुम्ही मला अब्रूनुकसानीचा कायदा समजावून सांगितलात. वकिलीची परीक्षा पास होऊन काळा कोट न घातलेला माणूस तुम्ही. कोर्टाच्या बातम्या देता देता संपादक झालेले. बातमी खरी आहे एवढ्यानं सुटका होत नाही, ती खरी आहे हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, आणि लोकांच्या भल्यासाठी छापली हेही सिद्ध करावं लागतं, असं तुम्ही सांगत होतात आणि माझा पारा चढत होता. मी म्हटलं, म्हणजे हा कायदा चोरांच्या सोयीसाठी केलेला आहे. तुम्ही रागावला नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणालात, “चोर वापरते त्याले, हे खरं हाय. पन एक सांगू का तुले? आमच्या लोकाईच्या अब्रूले एका काळी कोनी मोजतच नव्हतं. भर रस्त्यात कोनीबी काईबी बोलून जाये. कायदा जवा म्हनते का मानसाची अब्रू ही त्याची स्वतःची चीज हाय, तवा मले हसू येत नाई. त्या सचिवाचीबी हाय ती. घ्यायची वेळ आली तं घेऊ, पन बरोबर कारनानं घेऊ.” मला तेव्हा ते पटलं नाही. पण नालवाडीच्या दलित वस्तीतून आलेल्या, लहानपणी काय काय ऐकून घेतलेल्या माणसानं हे म्हणावं, याचा विचार मी घरी जाताना सगळा रस्ताभर करत होते.

मग आपण रोहण्याला गेलो. आर्वीपर्यंत एसटी, तिथून पुढे दुसरी गाडी. कप्तानाचे वडील कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेत कामाला होते. त्यांनी अंगणात बाज टाकली आणि स्वतः उभे राहिले, तर तुम्हीही उभेच राहिलात, शेवटी दोघेही बसलात. मुलगी समोर आली. तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, माझ्या नावानं छापा. तुम्ही वय विचारलंत. अठराला अजून वेळ होता. “मंग तुह्या नावानं मी छापनार नाई.” ती चिडली. “काऊन? मी खोटी हावो का?” तुम्ही म्हणालात, “नाई बेटा. तू खरी हायेस म्हनूनच. तुहं नाव मी कोनालेच सांगनार नाई, हा माह्या शब्द हाय.” तिच्या वडिलांनी तेव्हा पहिल्यांदा तुमच्याकडे नीट बघितलं. त्याच संघातल्या दोघी वयानं मोठ्या, कॉलेजात शिकणाऱ्या होत्या. त्यांना तुम्ही वेगवेगळं भेटलात, घरच्यांच्या समोर भेटलात, आणि पुढे काय काय होऊ शकतं हे आधी सांगितलंत. कोर्ट होईल, वकील उलटसुलट विचारील, गावात बोलतील. एवढं ऐकूनही दोघी नावानिशी बोलायला तयार झाल्या.

पण रोहण्याला मला दुसरंही काही कळलं. तुम्ही अंगणात बोलत होतात आणि मी आत चुलीजवळ त्या मुलीच्या आईशी बोलत बसले होते. चहाचं आधण ठेवता ठेवता ती खालच्या आवाजात म्हणाली, “बाई, हारल्याचं काई नाई वो. हारते-जितते मानूस. पन तो मानूस दौऱ्यावर पोरीईच्या खोलीत येऊन बसते म्हनते. माह्यी पोरगी तोंड उघडत नाई. दुसऱ्या एकीच्या मायनं मले सांगतलं.” मी ते एसटीत तुमच्या कानावर घातलं. वर्ध्याला उतरताना तुम्ही म्हणालात, संध्याकाळी घरी ये.

त्या संध्याकाळी नालवाडीच्या तुमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. जोखमीची बातमी असली की ती तुम्ही काकूंना वाचून दाखवत होतात, हे मला त्या दिवशी कळलं. काकू प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्या भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर बसलात, चष्मा नाकावर, आणि म्हणताय, “तू त्या सचिवाची बायको हायेस असं समजून आयक.” काकू खरंच तसं ऐकायच्या. एका वाक्याला त्यांनी हात थांबवला आणि म्हणाल्या, “इथं तुमाले राग आलेला दिसते. उद्या मी नळावर पाणी भराले जाईन, तं मले हेच वाक्य आयकवतीन बाया.” तुम्ही ते वाक्य काढलंत. मग मी माझा दुसरा कागद पुढे केला, त्यात खोलीत येऊन बसण्याचं लिहिलेलं होतं. तुम्ही तो मनातल्या मनात वाचलात आणि बाजूला ठेवलात. “हे जानार नाई.”

मी इतक्या मोठ्यानं कोणाशी आधी बोलले नव्हते, वडिलांशीही नाही. म्हटलं, सामना हरवला ते छापायचं आणि हे नाही, म्हणजे तुम्हाला खेळ महत्त्वाचा आणि मुली नाहीत का? तुम्ही म्हणालात, “उभं कोन राहीन? ही माय म्हनते, दुसरीच्या मायनं सांगतलं. दुसरी माय आपल्यासमोर यालेबी तयार नाई. छापलं तं त्याचा वकील एकेका पोरीले पिंजऱ्यात उभी करन आन् काय काय विचारन, तुले माईत हाय? त्याच्यापेक्षा जास्त चिखल त्याईच्याच अंगावर उडन.” मी म्हटलं, “म्हनजे तो तसाच बसत राहीन त्या खोलीत.” तुम्ही बाजूला ठेवलेला कागद पुन्हा उचललात. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. काकूंनी ती उलटली आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, “त्या पोरीईच्या संग बाई कोन होती?” तुम्ही म्हणालात, “कोन बाई?” “शाळेची सहल न्यायची म्हटली तं पोरीईच्या संग बाया न्याव्या लागते आमाले. या पोरी दिवस-दिवस बाहीरगावी राह्यते. त्याईच्या संग बाई कोन असते?”

कोणीच नसायची. तुम्ही पेन्सिल उचललीत आणि माझ्याच कागदाच्या पाठीवर एक ओळ लिहिलीत. दौऱ्यावर जाणाऱ्या मुलींच्या संघांसोबत बाई का नसते?

दुसऱ्या दिवशी आपण सचिवांकडे गेलो. बी-बियाण्यांचं दुकान, भिंतीवर ढाली आणि सत्काराचे फोटो. फार अदबीनं वागला माणूस. चहा मागवला, मला ताई म्हणाला. मध्यंतरात मी मुलींना जपून खेळा एवढंच सांगितलं, असं त्यांचं म्हणणं होतं. तुम्ही त्यांचा शब्द न् शब्द लिहून घेतलात, त्यांना वाचून दाखवलात आणि विचारलंत, “आनखी काई सांगाचं हाय का?” ते हसून म्हणाले, “छापा ना साहेब. तुमचं कामच हाय ते. मंग कोर्ट हाय आन् मी हावो.” आपण बाहेर पडलो. तुम्ही दुकानाबाहेरच्या पाटीवर नवीन तुरीचं बियाणं आलंय ते वाचत उभे राहिलात, आणि मला वाटतं, ते मला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

बातमी पहिल्या पानावर गेली. ‘हरायला सांगितलं, दोन खेळाडूंचं म्हणणं, सचिवांचा इन्कार’. सचिवांचं सगळं म्हणणं तेवढ्याच टायपात, शेजारीच. मला ते नको तितकं औदार्य वाटलं होतं. आणि खाली एका चौकटीत तो प्रश्न, बाई का नसते. त्यात कोणाचं नाव नाही, मंडळाचं नाही, गावाचं नाही. तो प्रश्न तुम्ही दुसऱ्या दिवशीही छापलात. तिसऱ्या दिवशी एका मुख्याध्यापिकेचं मत, चौथ्या दिवशी एका पालकाचं, मग एका जुन्या खेळाडू बाईंचं. रोज तीच जागा, तोच प्रश्न. मालक म्हणाले, वाचक कंटाळतील. तुम्ही म्हणालात, कंटाळू द्या. ज्याच्यावर खटला भरता येत नव्हता असा तो प्रश्न होता, कारण प्रश्न कोणाचीच बदनामी करत नव्हता. आणि तरी ज्याला लागायचा त्याला तो रोज सकाळी चहाबरोबर लागत होता. महिनाभरात पालक मुलींना पाठवेनासे झाले. सोबत बाई असेल तर पाठवू, म्हणू लागले. आधी एका मंडळानं बाई नेमली, मग दुसऱ्यानं, आणि शेवटी त्या मंडळालाही नेमावी लागली. त्या हिवाळ्यात त्यांचा संघ बाहेरगावी निघाला तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. मुलींसोबत एक जाडजूड शिक्षिका होती, होल्डॉल काखेत मारून. तिनं मला सांगितलं, झोपताना मी माझं अंथरूण दाराशीच टाकते. कप्तान मात्र त्या संघात नव्हती. तिचं नाव त्यांनी वगळलं होतं, आणि त्याला आपण काहीही करू शकलो नाही.

मग फिर्याद आली. आरोपी तिघं, तुम्ही, मालक आणि मी. माझं समन्स घेऊन माणूस दुकानात आला तो ऐन गिऱ्हाइकांच्या वेळेला. बाबांनी ते सही करून घेतलं आणि गल्ल्याच्या खणात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आलात, गादीवर बसलात, चहा घेतलात. “शेटजी, तुमच्या पोरीनं एक शब्द खोटा लिहिला असता तं मीच तिले घरी धाडलं असतं. लिहिनं तिचं हाय, पन छापनं माह्यं हाय. जे होईन ते पयले माह्यावर येईन.” बाबा म्हणाले, “ते सगळं ठीक हाय साहेब. पन हिचं लग्न?” तुम्ही म्हणालात, “ज्या घराले हे चालत नसन, त्या घरी ती सुखी राहीन का, हे तुमीच सांगा.” बाबांनी समोरच्या कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. पहिल्या तारखेला त्यांनीच मला स्कूटरवर बसवून कोर्टात नेलं आणि नंतरच्याही कितीतरी तारखांना ते बाहेर कडुनिंबाखाली उभे राहायचे. ज्या घरी मी पुढे गेले, तिथल्या लोकांना त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की पोरीवर केस चालू आहे, आणि ते अशा काही सुरात, की जणू मला एखादं बक्षीस मिळालंय.

मालक वाईट नव्हते. कापसाच्या जिनिंगचा व्यवसाय, पेपर हौसेनं काढलेला, कोर्टाची पायरी माहीत नाही. सचिवांच्या वकिलानं माफीचा मसुदा पाठवला, तो छापा आणि मोकळे व्हा, असं ते तुम्हाला विनवत होते. तुम्ही तो मसुदा घेऊन बसलात, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, एक वाक्य नीट जुळवून दिलंत आणि परत पाठवलात. “मराठी सुधारून देल्लं हाय. सही करण्यासारखं त्याच्यात काई नाई.” पुढे मालकांनी स्वतंत्र वकील केला, मजकुराशी माझा संबंध नसतो असं सांगितलं आणि ते सुटले. मी त्यांच्याबद्दल काहीतरी बोलले तर तुम्ही मला थांबवलंत. म्हणालात, “पेपर बंद नाई केला त्यानं. तेवढं खूप हाय.”

वर्षं गेली त्यात. साक्षीदार आला नाही, वकील आजारी, साहेब रजेवर, पुढची तारीख. तुम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बसून प्रुफं तपासायचात, आणि पुकारा झाला की पेन्सिल खिशात ठेवून आत जाऊन ताठ उभे राहायचात. एकदा म्हणालात, “शिक्षा होईन तवा होईन. ह्या तारखाच खरी शिक्षा हाय.” ऑफिसातही तिची झळ लागत होती. पोरं आपण होऊनच बातमीतून नावं गाळायला लागली. एकानं तर क्रिकेटच्या साध्या सामन्यात पंचांचा निर्णय चुकला हे लिहायचं टाळलं. तुम्ही त्याला बोलावून विचारलंत, चूक दिसली का? तो म्हणाला, दिसली, पण उगाच कशाला. तेव्हा तुम्ही त्याला झापलंत. तुम्हाला तसं झापताना फार कमी पाहिलं मी. “उगाच कशाले, हे जर आपन म्हनू लागलो, तं त्यानं केस न लढता जितली.”

आपली बाजू लंगडी होत चालली होती. त्या दोघींपैकी एकीनं साक्ष दिली. दुसरीचं लग्न झालं होतं आणि सासरचे तिला सोडत नव्हते. वकील म्हणत होते, कप्तानाला बोलवा, ती आता सज्ञान आहे. तुम्ही तिचं नाव साक्षीदारांच्या यादीत घालू देत नव्हतात. “मी शब्द देल्ला हाय.” वकील चिडायचे, शब्दावर खटले जिंकत नसतात म्हणायचे. मला ते वकिलांचं म्हणणं पटायचं. मग एका दुपारी, आपण व्हरांड्यात बसलो असताना, एक उंच बाई समोर येऊन उभी राहिली. अंगावर साधा सलवार-कुर्ता, पण उभी राहण्याची पद्धत अशी की आजूबाजूचे शिपाई सरळ झाले. तीच कप्तान; पोलिसात भरती झाली होती, दुसऱ्या जिल्ह्यात होती. साक्ष दिलेल्या मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं. “तुमी बोलावलं नाई,” ती तुम्हाला म्हणाली. तुम्ही म्हणालात, “तुले कसं बोलावू मी? तुले देल्लेला शब्द तूच मोडू शकत होती.” ती म्हणाली, “मंग मोडाले आली.”

तिची साक्ष मी कधी विसरणार नाही. सचिवांच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, तुम्ही स्वतःच म्हणता की तुम्ही मुद्दाम हरलात, म्हणजे तुम्ही अप्रामाणिक खेळाडू होतात, बरोबर? ती म्हणाली, “हो. त्या दिवशी होती. म्हनून तं आज आली.” वकिलानं पुढचा प्रश्न शोधायला कागद चाळले, बराच वेळ चाळले. सचिव पहिल्या रांगेत बसले होते आणि ती त्यांच्याकडे एकदाही बघत नव्हती. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही डोळे मिटले होते.

तिला बसस्टँडवर सोडायला मी गेले. चालता चालता मला राहवलं नाही, मी म्हटलं, ते दुसरं जे होतं, खोलीतलं, ते आम्ही छापलं नाही. मला वाटलं ती काहीतरी कडू बोलेल. ती म्हणाली, “ताई, ते बाई का नसते, बाई का नसते, रोज छापून येत होतं ना, तवा आमी पोरी समजलो का तुमाले समजलं. तोबी समजला.” मी हे परत येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, हे घरी जाऊन सांगतो.

निकाल आपल्या बाजूनं लागला. बातमी खरी ठरली, लोकहिताची ठरली, आणि फिर्यादीची बाजू तितक्याच ठळकपणे छापली यावरून हेतू स्वच्छ होता असं न्यायाधीशांनी म्हटलं. मला जे औदार्य वाटलं होतं त्यावर आपण तरलो होतो. मी नाचायच्या बेतात होते आणि तुम्ही फोन माझ्या हातात देऊन म्हणालात, “सचिवाईची प्रतिक्रिया घे.” घेतली. अपिलात जाऊ, म्हणाले. तेही छापलं. बातमी आत तिसऱ्या पानावर, साधी, एका स्तंभात. ते अपिलात गेले नाहीत. त्यांचं दुसरं काही बिघडलंही नाही. त्या समितीवर ते आणखी एक मुदत होते, बक्षिसं वाटत होते, हार घालून घेत होते. पण मुलींचे संघ मात्र इथून बाईशिवाय निघेनासे झाले, आणि आता तर ते इतकं रोजचं झालंय की ते कधी नव्हतं हे कोणाला सांगूनही खरं वाटत नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात. विहारात शोकसभा झाली, बसायला जागा नव्हती. काकू माझा हात धरून म्हणाल्या, “ते दुसरं नाई छापलं, याचं त्याईले लागलं होतं बरं. बोलत नसे.” मला ते माहीत नव्हतं. मी एवढी वर्षं समजत होते की तुम्हाला त्या निर्णयाची पक्की खात्री होती. खात्री नसतानाही तुम्ही इतके ठाम राहू शकलात आणि ठाम राहूनही स्वस्थ झोपला नाहीत, हे कळल्यावर तुम्ही मला आणखी मोठे वाटलात. आणि तरी, सर, तो कागद छापायला हवा होता का, हा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला नाही. कधी मला तुमचं पटतं, कधी त्या मुलीच्या आईचा चुलीजवळचा आवाज ऐकू येतो.

आता मी पिपरी मेघेला राहते आणि तुमच्यासारख्याच एका टेबलामागे बसते. गेल्या आठवड्यात आमच्याकडची एक नवी वार्ताहर मुलगी बातमी घेऊन आली. धावण्याचा सराव घेणारा एक प्रशिक्षक, त्याच्या हाताखालच्या मुलांना दिली जाणारी कसली तरी इंजेक्शनं, दोन पालक नावानिशी बोलायला तयार. तिचं काम चोख होतं. मी म्हटलं, थांबू या जरा. तिनं कारण विचारलं तर मी तिला तुमची गोष्ट सांगितली, सगळी, मोठ्या आदरानं, आणि ती मान डोलवत निघून गेली. खरं असं आहे की त्या बातमीत कच्चं काही नव्हतं. हल्लीच्या नोटिसा कशा असतात ते मी पाहिलंय, नवे मालक कसे आहेत तेही माहीत आहे, आणि मी घाबरले होते. घाबरले हे सांगायची लाज वाटली, म्हणून तुमचं नाव पुढे केलं. हे तुम्ही वाचू नये असं मला वाटतं, म्हणून हे पत्र कुठं जाणार नाही हे एका परीनं बरंच आहे. उद्या सकाळी मी त्या मुलीला घेऊन प्रशिक्षकाकडे त्याची बाजू ऐकायला जाणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.